इंग्रजीतला 'आय'

परवा भाचीचा नोकरीसाठीचा इंग्रजी अर्ज तपासताना लक्षात आले की त्यातल्या नऊ वाक्यांपैकी सात वाक्ये 'आय'ने सुरू होत होती. त्यात तिचा दोष नव्हता. मराठीत 'उद्या येईन' एवढे म्हटले तरी माणूस स्वतःविषयी बोलतो आहे हे क्रियापदावरूनच कळते, म्हणून आपण 'मी' सहज गाळतो. इंग्रजी क्रियापदात ही सोय जवळजवळ उरलेली नाही, त्यामुळे तिथे कर्ता बहुधा सांगावाच लागतो.

जुन्या इंग्रजीत या सर्वनामाला शेवटी व्यंजन होते. ते गळून एकच बारीक अक्षर उरले आणि हस्तलिखितात ते शेजारच्या शब्दांत हरवू नये म्हणून मोठे लिहिण्याची पद्धत पडली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या मोठ्या अक्षरात अहंकार शोधणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून भाचीचे सगळे 'आय' मी खोडले नाहीत; दोन-तीन वाक्ये जोडून ती एकाच कर्त्यावर चालवली, एवढेच. 'बिटवीन माय कलीग अँड आय' मात्र लगेच दुरुस्त केले, कारण 'बिटवीन'नंतर 'मी' हवे, आणि इंग्रजीतले हे 'मी' आपल्या 'मी'सारखे ऐकू आले तरी बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ 'मला' असा असतो.