अरुंद कालव्यासाठी कटरहेड निवडताना आलेला अनुभव

दोन काँक्रीट भिंतींमधला कालवा, तळाची रुंदी 8 मीटर, त्यातला गाळ काढायचा होता. ड्रेजर (पाण्याखालचा गाळ काढणारं तरतं यंत्र) ठरला, पंप ठरला, गाळ ओढणारा सक्शन पाइप 8 इंची, इथपर्यंत काहीच त्रास नाही. अडलं ते कटरहेडच्या, म्हणजे टोकाला फिरत माती कापणाऱ्या दातेरी डोक्याच्या साइजवर.

सप्लायरच्या चौकशी फॉर्ममध्ये माती कुठली, खोली किती, तासाला किती घनमीटर काढायचंय हे सगळं विचारलंय, पण जागा किती रुंद आहे याला रकानाच नाही! शेवटी शेऱ्यात लिहिलं तर उत्तर आलं सव्वा मीटर व्यासाचं. फोन केला तर "मोठं घ्या, प्रॉडक्शन जास्त मिळेल". मग मेल केला, ड्रॉइंग जोडलं, तर तेच कोटेशन नुसती तारीख बदलून परत, आणि वर म्हणे फॉर्म पुन्हा भरा. अहो पण रुंदी भरू कुठे? हंगाम हातातून चाललाय, ड्रेजर उभा आहे आणि हे लोक फॉर्म फॉर्म करतायत, अजूनही आठवलं की डोकं तापतं.

म्हणून सांगतो, सेल्सवाल्याशी वाद घालत बसू नका, डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरशीच बोलायचंय म्हणून हट्ट धरा. मी धरला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, स्पडपासून (ड्रेजर धरून ठेवायला तळात रोवलेल्या खांबापासून) कटरपर्यंत अंतर किती? आमचं 15 मीटर. ड्रेजर मागच्या स्पडवर फिरतो, म्हणजे 8 मीटरमध्ये मधल्या रेषेपासून दोन्हीकडे जेमतेम 15 अंश, त्यातून कटरची त्रिज्या आणि भिंतीपासून सोडायची जागा वजा केली की आणखी कमी. व्यास साधारण सक्शन पाइपच्या तिप्पट ते चौपट धरतात, आमच्यासाठी 60 ते 80 सेंटीमीटर. त्याहून फार मोठं घेतलं तर कापलेला गाळ पंप पूर्ण ओढत नाही, तळाशीच सांडतो. शिवाय मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) तोच असेल तर लहान व्यासाला दातांवर जोर जास्त मिळतो, आमच्याकडे खाली घट्ट चिकणमाती होती त्यामुळे ते फारच महत्त्वाचं. 70 सेंटीमीटर ठरलं आणि काय सुटल्यासारखं वाटलं!

कटर वळताना पॉन्टूनचे (ड्रेजरच्या तरंगणाऱ्या सांगाड्याचे) कोपरेही भिंतीकडे सरकतात, तेही आधीच मोजा. चिकणमाती असेल तर पाती कमी आणि मोकळी असलेलं कटरहेड मागा, नाहीतर मधे माती गच्च बसते. आणि हो, दगडगोटे असतील तर पात्यांमधली फट नक्की विचारा, पंपातून जेवढा दगड पार होतो त्यापेक्षा ती मोठी नको.