‘स्पीड तो पूरी आ रही है, मॅडम’

इंटरनेट कंपनीच्या हेल्पलाइनवर ‘लिनक्स’ (विंडोजच्या जागी लॅपटॉप चालवणारी प्रणाली) हा शब्द चुकूनही उच्चारू नका. पलीकडचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग त्याच्या आवाजात जो सुटकेचा भाव येतो तो मी आता फोनवरूनही ओळखते. ‘फिर तो प्रॉब्लेम आपके लॅपटॉप में है, मॅडम.’ झालं. तक्रार बंद.

चीड याचीच येते की तो बरोबर बोलत होता. दोष लॅपटॉपमध्येच होता. पण त्याला तो सापडला नव्हता, कंपनीच्या तंत्रज्ञालाही नाही, आणि तो सापडू नये अशी सगळी तजवीज त्यांच्या तपासण्याच्या पद्धतीतच होती. ती पद्धत म्हणजे स्पीड टेस्ट.

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम घरून. दिवसभर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडं आणि समोर पुण्याचा सर्व्हर. लॅपटॉपवर लिनक्सचा मिंट नावाचा अवतार आहे, आवृत्ती २१. ते घालताना काहीच अडलं नाही, वायफायही आपोआप ओळखलं गेलं, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

त्रास असा. स्क्रीनवरचं काही वाचत बसले, हात कीबोर्डवरून काढले, आणि थोड्या वेळाने टाइप करायला गेले की अक्षर उमटायचंच नाही. मग एकदम सगळी अक्षरं धाडकन यायची. कधी कधी तेही नाही; कनेक्शनच तुटायचं आणि पुन्हा लॉगिन. वायफायच्या चिन्हावर दांड्या मात्र पूर्ण. माझा मोबाईल त्याच राऊटरवर व्यवस्थित. बाहेरच्या खोलीत सासरे टीव्हीवर यूट्यूब लावून बसलेले असायचे. मी वैतागून काही म्हटलं की तिकडून शांतपणे आवाज यायचा, ‘अगं, माझं तर चाललंय.’

तंत्रज्ञ आला. मुलगा चांगला होता, राग त्याच्यावर नाही. त्याने माझ्याच लॅपटॉपवर स्पीड टेस्टचं पान उघडलं, बटण दाबलं, काटा चढला. प्लॅन शंभरचा, आकडा चौऱ्याण्णव. ‘स्पीड तो पूरी आ रही है, मॅडम.’ मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढला, मला आलेला ओटीपी मागितला. तो ओटीपी म्हणजे तक्रार निवारण झाल्याची तुमची सही असते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते: समाधान झाल्याशिवाय देऊ नका. तो फाटकाबाहेर पडला आणि टर्मिनल पुन्हा ठप्प.

हे नाटक पुन्हा पुन्हा झालं. दर वेळी नवी तक्रार, नवा नंबर, तीच टेस्ट, तोच फोटो. मी म्हणायची, ‘दहा मिनिटं नुसते बसा, काही करू नका, मग बघा.’ पण काही न करता बसायला त्यांना वेळ नसतो. त्यांना आकडा लागतो, आणि आकडा काढायला गेलं की माझा लॅपटॉप शहाण्या मुलासारखा वागायचा.

एकदा दुसराच तंत्रज्ञ आला. त्याने मोबाईलवर आजूबाजूची नेटवर्कं बघितली. रामबागेतल्या गल्लीत घराला घर लागून, प्रत्येकाचा राऊटर, त्यामुळे यादी लांबलचक. ‘एक से ग्यारह सब भरे पडे हैं, तेरह खाली है,’ म्हणत त्याने राऊटरचा चॅनेल, म्हणजे तो ज्या पट्ट्यावर बोलतो तो, तेरा करून टाकला. आता नवाच घोळ. लॅपटॉप उघडला की आमचं नेटवर्क यादीत उशिरा दिसायचं, कधी दिसायचंच नाही. कारण नंतर कळलं. लिनक्सला आपण कोणत्या देशात आहोत हे माहीत नसलं की तो देशाच्या जागी दोन शून्यं धरतो, आणि त्या स्थितीत बारा-तेरा चॅनेलवर लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड स्वतःहून हाक मारत नाही, फक्त कान देतं. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ ही कमांड दिली की देश कळतो. दोन शून्यं दिसली तर ‘आयडब्ल्यू रेग सेट’ करून पुढे भारताची दोन अक्षरं घालायची. (कमांड मी फोनवरून भाच्याला सांगते तशा बोलीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये अर्थात इंग्रजीतच टाइप करायच्या.) पण सोपा उपाय म्हणजे तेरा सोडून द्या. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल पाच-पाच मेगाहर्ट्झवर आखलेले आहेत आणि एका राऊटरला लागतात वीस, म्हणून एकमेकांच्या पायात न येणारे असे एक, सहा आणि अकरा एवढेच. त्यांतला ज्यावर कमी गर्दी तो घ्यायचा.

मग लॅपटॉपच्या सर्व्हिस सेंटरचा नंबर लागला. तिथे टोकन घेऊन बसायचं, एसी मस्त, माणसं नम्र. ‘पहले विंडोज डालके लाइए, फिर चेक करेंगे.’ आरएनटी मार्गावरच्या कॉम्प्युटर बाजारात एकाने तर लॅपटॉप उघडूही दिला नाही. ‘दीदी, डोंगल ले लो, झंझट खतम.’ यूएसबीत खोचायचा हा बाहेरचा वायफाय घेतलाही असता. पण मग घरातलं प्रत्येक माणूस म्हणालं असतं की बघ, तुझ्या लिनक्सचंच खूळ होतं. हा हट्ट झाला, मान्य. पण त्याच हट्टाने काम झालं.

धागा अचानक हाती लागला. एका दुपारी मी मिंटच्या नव्या आवृत्तीची फाईल डाउनलोडला लावली होती, दोन जीबीच्या वरची. ती उतरत होती तोवर टर्मिनल एकदाही अडखळलं नाही. खरं तर लाइन भरलेली असताना ते जास्त हळू चालायला हवं होतं. डाउनलोड संपलं, आणि काही वेळात पुन्हा तेच रडगाणं. म्हणजे काम असलं की कार्ड नीट, काम नसलं की गडबड. स्पीड टेस्ट तर त्याला भरपूर काम देते! तंत्रज्ञ रोग शोधायला यायचा आणि येताना औषध पाजूनच तपासायचा.

त्यानंतर इंटरनेट बाजूलाच ठेवलं आणि थेट राऊटरला पिंग लावलं, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारत राहायचं आणि उत्तराला किती वेळ लागतो ते बघायचं. आमच्याकडे त्याचा पत्ता १९२.१६८.१.१, तुमचा वेगळा असेल तर ‘आयपी राऊट’ या कमांडच्या ‘डिफॉल्ट’ ओळीत मिळेल. राऊटर माझ्यापासून एका भिंतीपलीकडे. उत्तर दोन-चार मिलिसेकंदांत यायला हवं. मला दिसत होतं तीन, मग एकशे ऐंशी, मग साठ, मग तीन, मग दोनशेच्या वर. ही चढउतार पाहिली की लाइन, केबल, कंपनी, पुणे सगळे आरोपमुक्त. भानगड लॅपटॉप आणि राऊटर यांच्या मधल्या हवेत किंवा लॅपटॉपच्या पोटात. हवेचा संशयही फिटला, कारण ५ गिगाहर्ट्झवर गेले तरी तेच. तिथे शेजाऱ्यांची गर्दी नव्हती.

उत्तर होतं वीजबचत. वायफाय कार्ड बॅटरी वाचवायला काम नसताना झोपतं. राऊटर साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी ‘मी इथे आहे’ अशी एक खूण सोडतो, तिला बीकन म्हणतात. झोपलेल्या कार्डासाठी काही आलं असेल तर राऊटर ते धरून ठेवतो आणि बीकनमधून सांगतो. कार्ड बीकन ऐकायला उठतं, आपलं सामान मागून घेतं, पुन्हा झोपतं. शंभर-दोनशेचे आकडे हे असे येतात. दुपारी गल्ल्यावर पेंगणाऱ्या दुकानदारासारखं आहे: गिऱ्हाईकांची रीघ लागली की टक्क जागा, एकटंदुकटं आलं तर दोनदा हाक मारावी लागते.

‘आयडब्ल्यू डेव्ह’ म्हणून आधी आपल्या कार्डाचं नाव बघायचं (माझं ‘डब्ल्यूएलपी-टू-एस-झीरो’), मग त्या नावापुढे ‘गेट पॉवर-सेव्ह’. उत्तर आलं: ऑन. तेच ‘सेट पॉवर-सेव्ह ऑफ’ केलं आणि दुसऱ्या खिडकीत चालू असलेलं पिंग माझ्या डोळ्यांदेखत सरळ झालं. तीन, दोन, तीन, तीन. मी खुर्चीवरून उठून बाहेर गेले आणि सासऱ्यांना म्हटलं, ‘बाबा, माझंही चाललंय.’ त्यांनी टीव्हीवरून नजर न काढता मान डोलावली.

हे रीस्टार्टनंतर टिकत नाही. कायमचं करायचं तर ‘ईटीसी’ या सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या नेटवर्क-मॅनेजरच्या ‘कॉन्फ-डी’ फोल्डरमध्ये ‘डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन’ नावाची फाईल असते. उबंटू (लिनक्सचाच आणखी एक अवतार) आणि तिच्यावर बेतलेल्या मिंटमध्ये ती आधीपासूनच असते. नावातच गुन्हा कबूल! आत ‘वायफाय डॉट पॉवरसेव्ह’ पुढे ३ लिहिलेलं असतं, तिथे २ करायचं. तीन म्हणजे चालू, दोन म्हणजे बंद, एक म्हणजे हात लावू नको. बंदला दोन हा आकडा कुणाला सुचला देव जाणे. मग नेटवर्क-मॅनेजर रीस्टार्ट करायचा.

नव्वद टक्के त्रास इथेच गेला. उरला तो जास्त विचित्र. अधूनमधून कार्ड पार बेशुद्ध पडायचं. नेटवर्कची यादीच रिकामी, वायफाय बंद-चालू करूनही काही नाही, लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावरच जीव यायचा. यासाठी लॉग, म्हणजे यंत्र स्वतः ठेवतं ती नोंदवही, वाचावा लागला. लॅपटॉप आधीच रीस्टार्ट केला असेल तर ‘जर्नल-सीटीएल’ला ‘के’ आणि ‘बी वजा एक’ जोडायचं, म्हणजे मागच्या वेळच्या कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदी मिळतात. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: ‘फर्मवेअर फेल्ड टू लीव्ह एलपीएस स्टेट’. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आतला प्रोग्रॅम, आणि एलपीएस म्हणजे तीच झोप. कार्ड झोपलं आणि त्याला उठता आलं नाही. यंत्र स्वतः लेखी जबाब देत होतं आणि इतके दिवस सगळे स्पीड टेस्टचे फोटो काढत होते.

आता कार्ड कोणतं ते. ‘एलएस-पीसीआय’ला ‘एनएनके’ जोडून विचारा; कार्डाचं नाव, नंबर आणि कोणता ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) लागला हे तिन्ही कळतं. हे खरं तर सगळ्यात आधी करायला हवं, इथे शेवटी आठवलं. माझं रियलटेकचं आरटीएल ८८२१ सीई. स्वस्त लॅपटॉपमध्ये हे फार दिसतं. अँटेना एकच चालवतं आणि ब्लूटूथही त्याच चिपवर. त्यामुळे २.४ वर असताना ब्लूटूथ हेडफोन लावले की वायफाय मंदावतं, हेही कळून ठेवा. याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ५.९ पासून आला, म्हणजे २०२० च्या ऑक्टोबरपासून. त्याआधीचे सल्ले बाहेरचा ड्रायव्हर उतरवून बसवायला सांगतात. मिंट २१ मध्ये कर्नल ५.१५ आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका: दोन ड्रायव्हर एकाच कार्डावर भांडतात, आणि सिक्युअर बूट (सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) चालू असेल तर बाहेरच्याला सहीची किल्ली नोंदवून द्यावी लागते ती कटकट वेगळी.

उपाय दोन ओळींचा निघाला. ‘ईटीसी’मधल्या ‘मॉडप्रोब-डी’मध्ये एक नवी फाईल, शेवटी ‘डॉट कॉन्फ’. पहिल्या ओळीत ‘आरटीडब्ल्यू ८८ कोअर’साठी ‘डिसेबल एलपीएस डीप’, म्हणजे गाढ झोप बंद. दुसरीत ‘आरटीडब्ल्यू ८८ पीसीआय’साठी ‘डिसेबल एएसपीएम’. कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातला दुवासुद्धा वीज वाचवायला झोपतो, ते बंद. मॉड्यूलची, म्हणजे ड्रायव्हरच्या या तुकड्यांची, नावं कर्नलनुसार थोडी बदलतात, म्हणून आधी ‘एलएस-मॉड’मध्ये ‘आरटीडब्ल्यू’ शोधून खरं नाव बघा. नाव चुकलं तर ओळ निमूटपणे दुर्लक्षिली जाते, चूक दाखवत कुणी नाही. मग लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करा. त्यानंतर कार्ड बेशुद्ध पडलेलं नाही.

इंटेलचं किंवा दुसरं कार्ड असेल तर या दोन ओळी तुमच्या कामाच्या नाहीत, पण पिंग आणि पॉवर-सेव्हची तपासणी तशीच करता येते. आणि यूएसबी थ्रीचा हब किंवा हार्ड डिस्क लॅपटॉपला अगदी चिकटून असेल तर ती लांब ठेवून बघा, तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्येच पडतो.

हे करताना वायफायच मेलं तर मोबाईल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (मोबाईलचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू करा. मिंट ते लगेच ओळखतो, वेगळं काही बसवावं लागत नाही.

या सगळ्याची किंमत बॅटरीत मोजावी लागते. मी घरात चार्जर लावूनच बसते, मला चालतं. रोज लॅपटॉप घेऊन हिंडणाऱ्यांनी आधी फक्त पॉवरसेव्हचा तीनचा दोन करावा, आठवडाभर बघावं, आणि लॉगमध्ये ती एलपीएसची ओळ खरोखर दिसली तरच पुढच्या फाईलला हात घालावा.