भोवत्यांचा हंगाम: रातथारा, पेलेट आणि नाकतोडे

आधीच्या हंगामांत संध्याकाळी दुर्बीण लावायची, रातथाऱ्यावर, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाच्या जागी, उतरणारे भोवत्या (हॅरिअर, माळावरचे शिकारी पक्षी) मोजायचे आणि आकडा ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचा, एवढंच चालायचं. यंदा पक्ष्यांबरोबर त्यांचं ताटही मोजतोय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: मोंटॅग्यू आणि पॅलिड हे दोन्ही हॅरिअर कझाकस्तान-रशियाकडच्या गवताळ मुलखातून सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. दिवसभर एकेकटे गवतालगत तरंगत फिरतात, पण सूर्य कलला की एकाच माळावर जमतात आणि गवतात चक्क जमिनीवर झोपतात. उभं गवत नाही, तर मुक्कामही नाही. गुजरातेत वेलावदरला हा जमाव प्रचंड असतो. आपल्या इंदापूर-बारामतीकडच्या गायरानावर वीस-पंचवीस जमले तरी मी खूश.

नर ओळखणं सोपं: मोंटॅग्यूच्या पंखावर आडवी काळी पट्टी, पॅलिडच्या पंखाच्या टोकाला नुसती काळी पाचर. माद्या आणि पिल्लं मात्र अजून घाम काढतात. पिल्लाची फिकट कॉलर आणि तिच्यामागची गडद मान नीट दिसली तरच पॅलिड लिहितो, नाहीतर सरळ 'मोंटॅग्यू किंवा पॅलिड'. उगाच ठोकून द्यायचं नाही.

खरी मजा पेलेटची, म्हणजे न पचलेले केस, पिसं, कवचं यांच्या पक्ष्याने ओकून टाकलेल्या गोळ्यांची. सकाळी पक्षी उडून गेल्यावर, वनखात्याला विचारून, रातथाऱ्याच्या कडेकडेने वेचल्या. कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवल्या, की वर्तमानपत्रावर आधी दिसतात नाकतोड्यांचे जबडे: तपकिरी, चकचकीत, दातेरी, तांदळाच्या कणीएवढे. मग मागच्या तंगड्यांचे काटेरी तुकडे, उंदरांचे केस, चंडोलासारख्या पक्ष्यांची बारीक पिसं. हाडं कमीच, कारण या पक्ष्यांच्या पोटातलं आम्ल घुबडांपेक्षा जहाल असतं. घुबडाच्या पेलेटमधून अख्खी कवटी काढायची सवय असलेल्यांचा इथे विरस होईल.

तिथूनच नाकतोडे मोजायचं डोक्यात आलं. ठरलेल्या रेषेवर गवतातून चालायचं आणि पायापुढून उडणारे मोजायचे. मेंढरं चरलेल्या पण न पेटवलेल्या माळावर भरपूर मिळाले. खड्डे खणून झाडं लावलेल्या तुकड्यात आणि फवारणीच्या शेतालगत अगदी तुरळक.

गिधाडं घटली तेव्हा गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या एका वेदनाशामक औषधावर बोट ठेवता आलं, 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदीही आली. हॅरिअरचं तसं नाही. ते घटले तर दोष इथल्या नांगराचा, फवाऱ्याचा की तिकडच्या विणीच्या जागेचा, हे रातथाऱ्याचा आकडा सांगत नाही. त्यामुळे नुसता तो आकडा दाखवून 'माळ निरोगी आहे' म्हणणं मला पटेनासं झालंय. नाकतोडे आणि पक्षी दोन्ही कमी असतील तर आधी माळाकडे बघावं. नाकतोडे उदंड आणि पक्षी गायब असतील, तर दुखणं बहुधा दुसरीकडे आहे.

वणव्यांचा मोसम सरला की त्याच रेषांवर पुन्हा चालणार आहे. सोलापूर-नगरकडच्या माळांवर कुणी अशी मोजणी करत असेल तर रेषेची लांबी आणि चालण्याची वेळ कळवा, आकडे जुळवून बघू. रातथाऱ्याची जागा मात्र विचारू नका. फोटोसाठी गवतात गाड्या घालणारे आधीच कमी नाहीत.