ईगलनेस्टच्या नोंदी: उंचीचा रकाना भरू लागल्यानंतर

अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यातील ईगलनेस्ट अभयारण्यातल्या माझ्या नोंदी मी या हंगामात नव्याने लावल्या असून, प्रत्येक पक्ष्यापुढे आणि माकडांच्या प्रत्येक टोळीपुढे आता समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिली आहे. सह्याद्रीत फिरताना या रकान्यावाचून माझे कधी अडले नव्हते, कारण आपले सर्वोच्च शिखर कळसूबाईदेखील १६४६ मीटरच आहे. इथे बोंपूचा तंबूतळच त्याहून उंचावर आहे आणि त्याच रस्त्याने खाली उतरत गेले की जंगल बदलते, तशी पक्ष्यांची यादीही बदलते.

याचा सर्वाधिक उपयोग ट्रोगन या रंगीत जंगली पक्ष्यांच्या बाबतीत झाला. खालच्या उतारांवर लालडोक्या ट्रोगन आणि वरच्या धुकट जंगलात वॉर्डचा ट्रोगन, अशी ढोबळ विभागणी आहे. वॉर्डच्या ट्रोगनची मादी दिसली तेव्हा ती शेवाळलेल्या फांदीवर ताठ बसून फक्त मान सावकाश वळवत होती. पोटाचा पिवळा रंग धुक्यातही स्पष्ट होता, आणि लालडोक्या ट्रोगनच्या मादीचे पोट लालसर असल्याने शंकेला जागा उरली नाही.

बुगुन लिओसिक्ला या दुर्मीळ पक्ष्याची नोंद लामा कॅम्पच्या परिसरातली, म्हणजे साधारण २३०० मीटरच्या आसपासची आहे. काळी टोपी, डोळ्यापुढचा नारिंगी-पिवळा ठिपका आणि पंखावरची लाल-सोनेरी पट्टी झुडपात क्षणभर दिसली, तेवढ्याने माझे समाधान झाले. व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ असलेल्या रमणा अत्रेय यांनी २००६ मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले, तेही एकही पक्षी न मारता, केवळ पिसे, छायाचित्रे आणि आवाजाच्या ध्वनिमुद्रणाच्या आधारे. इतक्या थोड्या संख्येने उरलेल्या पक्ष्याला ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून बाहेर काढू नये, असे माझे ठाम मत आहे. इथे जाणाऱ्या प्रत्येकाने हे पथ्य पाळावे, अशी कळकळीची विनंती आहे.

माकडांचे काम मात्र अपुरे आहे. लांब शेपटीचा, काळ्या टोपीचा आणि नारिंगी छटेच्या पोटाचा टोपीवाला लंगूर सहज ओळखू येतो. २००५ मध्ये विज्ञानाला नव्याने ज्ञात झालेला अरुणाचल मकाक साधारण २००० ते ३५०० मीटरच्या पट्ट्यात आढळतो. आसामी मकाकशी त्याचे इतके साम्य आहे की केवळ उंचीवरून निर्णय देणे घाईचे ठरेल. तुलनेने आखूड शेपूट, डोक्यावरची गडद चकती आणि कानशिलावरच्या खुणा एकत्र पाहाव्या लागतात. वरच्या रस्त्यालगत दिसलेल्या टोळीची माझी छायाचित्रे समोरून घेतलेली असल्याने शेपटीची लांबी त्यांत कळत नाही, म्हणून ती नोंद मी सध्या ‘मकाक, जात अनिश्चित’ अशीच ठेवली आहे. पुढच्या हंगामात याच टप्प्यावर जास्त मुक्काम करून, टोळीतील प्रौढ माकडांची शेपटीसह पूर्ण शरीर दिसेल अशी बाजूने छायाचित्रे घ्यायची आहेत.