हॉवर्ड हॉक्सचे दोन चित्रपट
आज अमेरिकी दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचे १९४० सालचा ‘हिज गर्ल फ्रायडे’ आणि १९५९ सालचा ‘रिओ ब्राव्हो’ हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिले. पहिल्यात कॅरी ग्रँट आणि रोझालिंड रसेल एकमेकांचे वाक्य पुरे होऊ न देता इतक्या वेगाने बोलतात की हसायलाही उसंत मिळत नाही. दुसऱ्याची सुरुवातीची काही मिनिटे मात्र जवळजवळ निःशब्द आहेत, आणि दारूच्या आहारी गेलेल्या डीन मार्टिनची लाचारी पिकदाणीत फेकलेल्या एका नाण्यावरून कळते. (त्यातला नायक जॉन वेन मला एरवी फारसा रुचत नाही, येथे तो शोभला आहे.) विनोदी चित्रपट आणि वेस्टर्न (काउबॉयपट) या दोन्ही प्रकारांत इतक्या सहजतेने वावरणाऱ्या या दिग्दर्शकाची ऑस्करने केवळ एका मानद पुरस्कारावर बोळवण करावी, हे मला अजूनही अनाकलनीय वाटते.