तुम्ही विचारलंत म्हणून: बेनी कार्टरच का?

मी सॅक्सोफोन वाजवतो हे कळलं की लोक विचारतात, आदर्श कोण? मी बेनी कार्टर म्हणतो, अमेरिकेतले जॅझ सॅक्सोफोनवाले. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो: चार्ली पार्कर, कोल्ट्रेन असे नावाजलेले सॅक्सोफोनवाले सोडून हेच का? परवाच्या कार्यक्रमानंतर एका आजींनीही हेच विचारलं. तेव्हा वाद्य पेटीत भरायची घाई होती. आता सविस्तर सांगतो.

बावीस वर्षं मी बँडमध्ये सेकंड आल्टो (दुसरा आल्टो सॅक्सोफोन) वाजवतोय. म्हणजे चाल शेजाऱ्याकडे, आणि तिच्याखालचा सूर माझ्याकडे. श्रोत्यांना तो वेगळा ऐकू येत नाही, पण काढून घेतला तर गाणं पोकळ वाटतं. लीड आल्टो, म्हणजे तो शेजारी, कुठे श्वास घेतो, सूर किती लांबवतो, कुठे सोडतो, हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत वाजवायचं. बहुतेक अरेंजर (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिणारे) या पार्टमध्ये उरलेसुरले स्वर टाकतात. कार्टर तसं करत नाहीत. त्यांनी सॅक्सोफोनच्या सेक्शनसाठी, म्हणजे गटासाठी, लिहिलेलं वाजवताना माझी ओळसुद्धा गुणगुणता येते. मला ते आवडतात याचं पहिलं कारण हे.

जन्म न्यूयॉर्कचा, 1907 चा. शेजारी ट्रम्पेटवाले बबर मायली राहायचे. त्यांच्यासारखं वाजवायचं म्हणून पोराने पैसे साठवून ट्रम्पेट घेतला. लगेच जमेना, तेव्हा तो देऊन बदल्यात सॅक्सोफोन आणला. (ट्रम्पेट पुढे ते शिकलेच, आणि फार गोड वाजवायचे.) अरेंजिंग शिकले तेही स्वतःच. छापील अरेंजमेंटचे सुटे पार्ट जमिनीवर पसरायचे, गुडघे टेकून एकेक वाचायचा, कोण कुणाला कुठे भेटतो ते बघायचं. 1928 मध्ये फ्लेचर हेंडरसन यांच्या बँडमध्ये आले आणि थोड्याच काळात तिथे लिहू लागले. 1932 मध्ये स्वतःचा बँड काढला. 1933 चं ‘सिम्फनी इन रिफ्स’ ऐका. सगळे सॅक्सोफोन एकाच गळ्यातून आल्यासारखे वळतात.

1935 ला ते युरोपला गेले. लंडनमध्ये बीबीसीच्या डान्स ऑर्केस्ट्रासाठी लिहीत होते. हॉलंडमध्ये त्यांनी गोऱ्या-काळ्या, निरनिराळ्या देशांच्या वादकांचा एकत्र बँड उभा केला, तोही 1937 साली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये सॅक्सोफोनवाले कोलमन हॉकिन्स आणि दोन फ्रेंच वादकांसोबत चार सॅक्सोफोनचं ‘हनीसकल रोज’ रेकॉर्ड झालं. 1961 मध्ये कार्टर आणि हॉकिन्स पुन्हा चार सॅक्सोफोन घेऊन बसले आणि तेच गाणं वाजवलं. दोन्ही रेकॉर्ड लागोपाठ लावा. मधली चोवीस वर्षं ऐकू येतात.

आता गाण्याबद्दल, कारण कार्टर संगीतकारही होते. 1936 मध्ये लंडनला त्यांनी ‘व्हेन लाइट्स आर लो’ची चाल बांधली. शब्द स्पेन्सर विल्यम्स यांचे. मुखडा साधा आहे, कुणीही गुणगुणावा असा. खरी करामत मधल्या आठ बारच्या (तालाच्या आठ आवर्तनांच्या) अंतऱ्यात आहे. तो वळणं घेत घेत दूर जातो आणि अलगद घरी येतो. 1953 मध्ये ट्रम्पेटवाले माइल्स डेव्हिस यांनी हे गाणं रेकॉर्ड केलं, पण अंतरा वाजवलाच नाही. त्याच्या जागी मुखडाच मध्यमाला सा मानून पुन्हा घेतला. माइल्स मोठे, रेकॉर्ड सुंदर. त्यामुळे पुढे कित्येक वादकांनी गाणं तसंच उचललं. मीही. पंधरा वर्षं मी ते चुकीचं वाजवत होतो, आणि चुकतंय हे ठाऊकही नव्हतं. एके दिवशी 1936 ची जुनी रेकॉर्ड हाती लागली, एलिझाबेथ वेल्श यांनी गायलेली. अंतरा आला आणि मी उठून उभाच राहिलो. माणसाने इतक्या जिवापाड बांधलेली जागा, आणि आपण ती न विचारता बुजवून टाकली होती.

नंतर कार्टर लॉस एंजेलिसला गेले, सिनेमा-टीव्हीसाठी भरपूर लिहिलं. तिथे वादकांच्या युनियनही गोऱ्यांची वेगळी, काळ्यांची वेगळी होती. त्या 1953 मध्ये एक झाल्या. त्यासाठी झटणाऱ्यांत कार्टर होते. सेक्शनमध्ये सगळ्यांना नीट सूर देणाऱ्या माणसाने हे केलं, याचं मला नवल वाटत नाही. नव्वदीपर्यंत वाजवत राहिले, 2003 मध्ये गेले.

तर आजी, परवा तुम्ही ऐकलंत त्यातलं चौथं गाणं ‘व्हेन लाइट्स आर लो’च होतं. त्याआधीच्या रविवारी मी घरच्या फरशीवर चार कोरे कागद पसरले, गुडघे टेकले आणि मूळ अंतरा चार सॅक्सोफोनसाठी लिहून काढला. दुपार गेली, गुडघे दुखले. तालमीत आमच्या लीड आल्टोने पहिल्यांदा वाजवला आणि पान उलटायच्या आत म्हणाला, “थांब, तो अंतरा परत घेऊ.”