तुम्ही विचारलंत म्हणून: जुने पेपर वाचून मिळतं काय?

"काका, सगळं नेटवर मिळतं. मग ही रद्दी कशाला वाचत बसता?" आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातली कॉलेजात जाणारी मुलं मला सारखं विचारतात. त्यांच्या आईवडिलांनाही तेच विचारायचं असतं, पण ते भिडेपोटी गप्प बसतात. म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

नेटवर शोधलेली बातमी एकटी येते. पेपरात ती शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट येते.

१९७५चा जून घ्या. इतिहासाच्या पुस्तकात तो महिना म्हणजे २५ तारखेची आणीबाणी. पण महाराष्ट्रात त्याच वर्षी जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली, अशा दोन एसएससी एकदम झाल्या होत्या. दोन बॅचची मुलं एकाच वेळी कॉलेजच्या दारात उभी, आणि 'ज्युनिअर कॉलेज' हा प्रकारच पालकांना नवा. पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत जातात, आणि शिक्षणाचं प्रकरण कोण उघडतो? घराघरांत मात्र प्रवेशाची काळजी आणि अटकेच्या बातम्या एकाच सकाळी आल्या. २८ जूनला 'इंडियन एक्स्प्रेस'ने सेन्सॉरशिपचा निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्या दिवशी प्रवेशाचं काही छापून आलंय का म्हणून पेपर चाळणाऱ्या एखाद्या मुलाच्या नजरेला ती कोरी जागा पडली असेल. त्याला काय वाटलं असेल, याचं मला फार कुतूहल आहे.

दुसरं उदाहरण गुजरातचं. डिसेंबर १९७३मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं आणि पोरं भडकली. आंदोलन राज्यभर पसरलं आणि फेब्रुवारी १९७४मध्ये चिमणभाई पटेलांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. पुस्तकात हे दोन ओळींत उरकतं. जुन्या अंकांच्या फायलीत ते रोज थोडं थोडं वाढत जातं, आणि पहिल्या दिवशी बातमी लिहिणाऱ्याला पुढचं काहीच ठाऊक नसतं. मला ते वाचायचं असतं. नंतर लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो, त्यामुळे त्याच्या लिखाणात मेसच्या बिलाचा राग उरतच नाही.

आताच्या मुलांना सगळ्यात जास्त नवल वाटतं ते कॉलेजच्या निवडणुकांचं. पॅनल, पोस्टर, वर्गावर्गात जाऊन मतं मागणं, हे सगळं त्यांनी फक्त ऐकलेलं. १९८९ साली मुंबईत अशाच निवडणुकांच्या काळात एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २०१६च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली खरी, पण मधल्या काळात कितीतरी मुलं एकदाही मत न देता पदवी घेऊन बाहेर पडली. हे मला मनापासून वाईट वाटतं.

वर्तमानपत्रांइतकाच माझा जीव कॉलेजच्या वार्षिकांकांवर आहे. कविता बेताच्या असतात, त्या वगळल्या तरी चालेल. राष्ट्रीय सेवा योजनेचा अहवाल मात्र वाचावा. १९६९ला सुरू झालेल्या या योजनेने १९७३मध्ये दुष्काळाशी लढण्यासाठी शिबिरं घेतली होती. शहरातल्या मुलामुलींनी पहिल्यांदा दुष्काळी गाव पाहिलं, ते या अहवालांच्या कोरड्या भाषेतूनही कळतं.

ठाण्यात राहणाऱ्यांनी हे सगळं घरीच साठवायला हवं असं नाही. १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय इथेच आहे, आधी तिथे चौकशी करा. घरात काही सापडलं तर अंक उभे न ठेवता आडवे ठेवा आणि उजेडापासून लांब. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन नावाचं लाकडातलं द्रव्य असतं, ते हवा आणि उजेडाने पिवळं पडतं आणि कागद कुरकुरीत होतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक पुढे कागदच खातो. आणि रद्दीवाल्याला द्यायच्या गठ्ठ्यात कॉलेजचा वार्षिकांक दिसला, तर तेवढा माझ्याकडे पाठवा. मुखपृष्ठ नसलं तरी चालेल.